सोनं हवं, सोनं देणारं लेकरू नको

दसऱ्याच्या संध्याकाळी आपल्याकडच्या कॉलन्यांत आणि अपार्टमेंटच्या फाटकांवर एक प्रश्न हमखास ऐकू येतो. 'कुठली रे तुम्ही?' समोर आठ-दहा वर्षांची पाच-सहा लेकरं असतात. हातात कॅरीबॅग, तिच्यात आपट्याची पानं. एकीच्या कडेवर धाकटा भाऊ. अंगात धुतलेला शर्ट, पण मापाचा नाही.

विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक असतं. कपड्यांवरून, बोलण्यावरून, पायातल्या चपलेवरून त्याला केव्हाच कळलेलं असतं की ही लेकरं नाल्यापलीकडची, पालातली, वीटभट्टीवरची किंवा बायपासच्या खालच्या वस्तीवरची आहेत. त्यामुळं हा प्रश्न माहिती मिळवायला विचारलेलाच नसतो. तो परत पाठवायला विचारलेला असतो. लेकरांनाही ते कळतं. एखादं धीट असतं, ते म्हणतं, 'इथलंच, मागच्या गल्लीतलं.' मग वॉचमन हसतो आणि लेकरं पुढच्या फाटकाकडं निघतात.

रात्री कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज पडतो. बाहेरची मुलं फार आली होती, पुढच्या वर्षी गेट बंद ठेवू या, आपल्या मुलांपुरताच कार्यक्रम करू या. खाली अंगठे आणि हात जोडलेल्या इमोजी. संक्रांतीला पुन्हा तेच. तीळगूळ घ्या, गोड बोला, पण आतल्या आत.

मला या मेसेजशी भांडायचंय. असा नियम कुठंही केला तरी कोताच आहे. पण धाराशिव जिल्ह्यात बसून तो करणं ही लाज वाटण्यासारखी गोष्ट आहे. का, ते सांगतो.

आधी कोण देतं?

आपण सोयीस्करपणे एक गोष्ट विसरतो. दसऱ्याला दारात आलेलं लेकरू आधी देतं. पान तुमच्या हातावर ठेवतं, पाया पडतं, मग हात पुढं करतं. संक्रांतीला त्याच्या मुठीत चार दाणे हलवा असतो. त्यातले दोन तुमच्या तळहातावर येतात आणि मग तुमच्या डब्यातला लाडू त्याच्या हातात जातो. हा व्यवहार बरोबरीचा आहे. भिकेत देणारा वर असतो आणि घेणारा खाली. सोनं देताना मात्र ते लेकरू आणि तुम्ही एकाच पायरीवर असता. वर्षातले तीनशे साठ दिवस हे जमत नाही, म्हणून तर सण लागतो.

आता गंमत बघा. तुम्ही घरात पूजेला ठेवलेलं सोनं येतं कुठून? आदल्या दिवशी बाजारात रस्त्याच्या कडेला पोतं अंथरून बसलेल्या बाईकडून. ती माळावर, डोंगरात हिंडून फांद्या तोडून आणते आणि जुड्या बांधून विकते. दहा रुपयांची जुडी आपण आठ रुपयांना मागतो. ती बाई राहते त्याच वस्तीवर, जिथली लेकरं संध्याकाळी फाटकावर अडवली जातात. म्हणजे सोनं बाहेरचं चालतं. सोनं देणारं लेकरू तेवढं चालत नाही.

दारोदार फिरणारी लेकरं ही काही फक्त मराठवाड्याची गोष्ट नाही. विदर्भात तान्ह्या पोळ्याला लेकरं लाकडी बैल घेऊन घरोघर जातात आणि बोजारा घेतात. ईदच्या दिवशी नवे कपडे घालून लेकरं ईदी गोळा करत फिरतात, आणि आपल्यातल्या कित्येकांनी शेजारच्या घरचा शीरखुर्मा खाल्लेला आहे. अमेरिकेत ३१ ऑक्टोबरला हॅलोविन असतं. तिथं लेकरं भुताखेतांची सोंगं घेऊन चॉकलेटं मागत फिरतात. पुण्या-मुंबईच्या मोठ्या सोसायट्यांमध्ये आता हेही होतं. कोणत्या फ्लॅटची बेल वाजवायची याची यादी आधीच ग्रुपवर येते, आणि सगळं फाटकाच्या आत.

अमेरिकेतही हेच भांडण आहे. गरीब वस्त्यांतले आईबाप त्या दिवशी लेकरांना गाडीत घालून श्रीमंत वस्तीत नेतात, कारण तिथं रस्त्यावर दिवे असतात, चालायला फुटपाथ असतो आणि चॉकलेटं चांगली मिळतात. २०१४ साली 'स्लेट' नावाच्या नियतकालिकाच्या 'डिअर प्रुडन्स' या सल्ल्याच्या सदरात अशाच एका श्रीमंत वस्तीतून तक्रार आली. ही मुलं आमच्या भागातली नाहीत, हा सण शेजारपाजारचा, ही काय समाजसेवा आहे का, असा तिचा सूर होता. सदर लिहिणाऱ्या बाईंनी तक्रार करणाऱ्याला चांगलंच झापलं आणि जास्तीची चॉकलेटं आणून ठेवा म्हणून सांगितलं. त्या पत्रावर तिकडं भरपूर वादही झाला. त्या तक्रारीत हॅलोविनच्या जागी दसरा लिहा. आपल्या ग्रुपवरचाच मेसेज तयार होईल. पोट भरलेल्या माणसाची कुरकुर जगभर एकाच भाषेत असते.

आई कुणाच्या पालखीत बसते?

आपण तुळजाभवानीच्या जिल्ह्यात राहतो. गाडीच्या काचेवर आईचं नाव, मोबाइलच्या वॉलपेपरवर आईचा फोटो. तेव्हा दसऱ्याला तुळजापुरात काय होतं ते जरा आठवू या.

दसऱ्याच्या पहाटे देवी सिंहासनावरून उठते आणि पालखीत बसून सीमोल्लंघनाला निघते. ती पालखी तुळजापूरची नसते. ती अहिल्यानगरकडून येते. सीमोल्लंघनानंतर कोजागरी पौर्णिमेपर्यंत देवी ज्या पलंगावर श्रमनिद्रा घेते, तो पलंग पुणे जिल्ह्यातल्या घोडेगावहून येतो. खांद्यावरून, पायी, गावोगाव थांबत. वाटेतली गावं त्यांची वाट बघत असतात. 'कुठले रे तुम्ही' असं त्यांना कुणी विचारत नाही. बाहेरून आलेल्या पालखीशिवाय आईचं सीमोल्लंघन होत नाही आणि बाहेरून आलेल्या पलंगाशिवाय तिला झोप नाही.

शब्दच बघा ना. सीमोल्लंघन. सीमा ओलांडायची असते त्या दिवशी. पूर्वी गावाची वेस ओलांडून बाहेर जायचं, शमीची-आपट्याची पूजा करायची आणि सोनं लुटून परत यायचं. आणि आपण नेमक्या त्याच संध्याकाळी फाटकाला कुलूप घालतो, वर ग्रुपवर 'सीमोल्लंघनाच्या हार्दिक शुभेच्छा' असं ग्राफिक टाकतो.

जोगव्याचं तर काय सांगावं! मंगळवारी-शुक्रवारी, नवरात्रात, परडी घेऊन निदान पाच घरी जोगवा मागायची रीत आपल्या घराघरांत आहे. बंगलेवाल्यांच्या घरातल्या बायकाही तो मागतात. घरात धान्याची पोती असली तरी मागायचं असतं, कारण आईच्या नावानं हात पसरणं हा अहंकार उतरवायचा मार्ग मानला गेलाय. ही पाच घरं आपल्याच कॉलनीतली पाहिजेत असा नियम कुणी ऐकलाय? ज्या देवीच्या नावानं मागणं हेच व्रत आहे, तिच्या जिल्ह्यात मागायला आलेल्या लेकराकडं संशयानं बघायचं, हे गणित मला काही केल्या सुटत नाही.

दसऱ्यानंतर पाचच दिवसांनी कोजागरीला सोलापूरकडून आणि कर्नाटकातून लाखो माणसं पायी तुळजापूरला येतात. बरेचजण अनवाणी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक चहा, पाणी, केळी, खिचडी घेऊन उभे राहतात. पाय चेपून देतात, मलम लावतात. समोरचा कन्नड बोलतो की मराठी, कुठल्या गावचा, कुठल्या जातीचा, कुणी विचारत नाही. म्हणजे आपल्याला हे येतं. महामार्गावर आपण लाखभर अनोळखी माणसांना जेवू घालू शकतो आणि घराच्या फाटकावर दहा लेकरं जड होतात. फरक एवढाच की महामार्गावरचे लोक पुढं निघून जातात. ही लेकरं उद्याही इथंच राहणार असतात, आणि खरी अडचण तीच आहे.

'पूर्वी सगळं छान होतं' हे खोटं आहे

इथं एक सावधगिरी. फाटकं आली म्हणून माणुसकी गेली, पूर्वी गावात सगळी दारं सगळ्यांना उघडी होती, असलं गोड रडगाणं मला गायचं नाही. ते खोटं आहे.

पूर्वीच्या गावात फाटक नव्हतं, कारण त्याची गरजच नव्हती. कुणी कुठपर्यंत यायचं हे जातीनं ठरवून दिलेलं होतं. महारवाडा, मांगवाडा वेशीबाहेर. येसकराची पाळी असलेल्यानं गावकीची कामं करायची आणि संध्याकाळी घरोघर भाकरी मागत फिरायचं. ती भाकरी वरून टाकली जायची, हाताला हात लागू न देता. दया पवारांचं 'बलुतं' १९७८ साली आलं, ते वाचा म्हणजे गोड आठवणींचा पाक उतरेल. बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला आपल्या माणसांना सांगितलं ते हेच, की असलं मागून आणलेलं शिळंपाकं खाणं सोडा, माणूस म्हणून ताठ उभे राहा.

पारध्यांचं तर आणखी वेगळं. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून कित्येक जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय हलायचं नाही. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. पण आपल्या डोक्यातली हजेरी अजून चालू आहे. पालातलं लेकरू दिसलं की पहिला विचार चोरीचा येतो तो कुठून, हे एकदा स्वतःला विचारून बघा.

म्हणूनच कॉलनीचं फाटक ही नवी सोय नाही. ती जुनीच वेस आहे, फक्त लोखंडाची केलेली. 'बाहेरची' या शब्दात जात बोलायची गरज उरत नाही, एवढाच काय तो फायदा. आणि म्हणूनच दसऱ्याचं सोनं भिकेपेक्षा वेगळं आहे हे मी वर ठासून सांगितलं. वरून टाकलेली भाकरी नको. हातावर ठेवलेलं पान आणि हातावर ठेवलेला लाडू, बोटांना बोटं लागू देत. एवढीच मागणी आहे.

आता तुमचे मुद्दे

पहिला मुद्दा सुरक्षेचा. 'पाहणी करायला येतात हो.' कडेवर भाऊ घेतलेली नऊ वर्षांची पोरगी संध्याकाळी सहाला, घरात सगळी माणसं असताना, दार सताड उघडं असताना पाहणी करायला येते? आणि तुमच्या घराची खडान्खडा माहिती असलेली माणसं तर रोजच आत येतात. धुणंभांडी करणाऱ्या मावशी, पाण्याचे जार टाकणारा पोऱ्या, रात्रीचा वॉचमन. यातले बरेचजण त्याच वस्तीवर राहतात. घराची किल्ली त्यांच्याकडं चालते, त्यांचं लेकरू मात्र धोक्याचं?

दुसरा मुद्दा, मोठी पोरं दंगा करतात, दोनदा-तीनदा येतात, शिव्या देतात. होतं असं. जो दंगा करील त्याला हाकला, कुणाचंही असो. पण मग नियम वागण्यावर करा, पत्त्यावर नको. आणि खरं सांगा, गणपतीच्या आधी पावतीपुस्तक घेऊन दहा-बारा दादालोक दारात येतात, आकडाही तेच ठरवतात, तेव्हा त्यांना 'कुठले रे तुम्ही' असं कधी विचारलंय? पाचशेची नोट काढून वर चहा विचारतो आपण. आपली शिस्त फक्त कमरेएवढ्या उंचीच्या माणसांसाठी आहे.

तिसरा मुद्दा खर्चाचा. शंभर लेकरं आली, प्रत्येकाच्या हातावर दोन रुपयांचं चॉकलेट ठेवलं, तर दोनशे रुपये होतात. वर्षातून दोनदा. आपल्या मोबाइलच्या महिन्याच्या रिचार्जला साधारण तेवढे जातात. ज्याला तेही परवडत नाही त्यानं तिळाचे चार दाणे द्यावेत, लेकरू तेही घेतं. पैशांचा मुद्दा काढणाऱ्याला पैशांची अडचण नसतेच, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे.

चौथा मुद्दा जरा वजनदार आहे. 'यानं त्यांना मागायची सवय लागते. त्यापेक्षा त्यांना शाळेत घाला, त्यांच्या वस्तीवर नळ द्या.' अगदी बरोबर. घालाच शाळेत. आपला जिल्हा २०१८ साली केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत गेला, म्हणजे शाळा, आरोग्य, पोषण यांत मागं राहिलेला जिल्हा असा शिक्काच बसलाय. तेव्हा काम भरपूर आहे. पण हा मुद्दा काढणाऱ्यांपैकी किती जणांनी त्या वस्तीवरच्या शाळेचं, नळाचं निवेदन घेऊन नगरपालिकेची पायरी चढलीय? दार बंद करायचं आणि कारण म्हणून समाजक्रांती सांगायची, याला काही अर्थ नाही. जो नळासाठी भांडतो तो लाडूही देतो. मी तरी दोन्ही न करणारेच हा मुद्दा मांडताना पाहिलेत.

आपली लेकरं कुणाच्या फाटकावर उभी आहेत?

आता मूळ गोष्ट. आपण कुणाला बाहेरचं म्हणतोय?

दसरा-दिवाळी झाली की आपल्या जिल्ह्यातून, कळंब, भूम, परांडा, वाशीकडून ऊसतोडीला टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल आधीच घेतलेली, ती फेडायची असते. साखर कारखान्यांचा हंगाम पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात असतो, तो जानेवारीत जोरात चालू असतो. म्हणजे संक्रांतीच्या दिवशी धाराशिव जिल्ह्यातली कितीतरी लेकरं सांगली-कोल्हापूरकडच्या कुठल्यातरी गावाबाहेर कोपीत असतात. आईबाप पहाटेच फडात गेलेले. त्या दिवशी ती लेकरं गावात तीळगूळ मागायला गेली, तर तिथली बंगलेवाली बाई काय विचारील? 'कुठली रे तुम्ही?' आणि खरं उत्तर असेल, 'धाराशिवची.' आपल्या फाटकावर आपण जो नियम लावतो, तोच तिनं लावावा असं आपलं म्हणणं आहे का?

तुम्ही स्वतः बघा. हा लेख तुमच्यातले कितीतरी जण पुण्यात कॉट बेसिसच्या खोलीत पडून मोबाइलवर वाचत असतील. स्पर्धा परीक्षेसाठी, इंजिनिअरिंगसाठी, नोकरीसाठी गेलेले. खोली शोधताना 'गाव कुठलं?' या प्रश्नानंतर समोरच्या चेहऱ्यावर बदललेली रेष तुम्ही पाहिलीय. बोलण्यातलं 'करायलोय', 'जायलोय' ऐकून कुणी हसलंय. तेव्हा वाटलं होतं ना, की यांनी गाव विचारू नये, माणूस बघावा? मग गावी परतल्यावर तेवढंच आपल्या फाटकावर करायचं आहे.

आणि ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट विसरायची म्हटली तरी विसरता येत नाही. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून माणसं झोपली होती. पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली. लातूरकडचं किल्लारी, आपल्याकडचं सास्तूर आणि आसपासची कितीतरी गावं दगडमातीच्या ढिगाऱ्याखाली गेली. हजारो माणसं मेली. तेव्हा या भागात कोण आलं? सगळे बाहेरचेच आले. मुंबई-पुण्याचे डॉक्टर, लष्कराचे जवान, देशा-परदेशातून मदत. भारतीय जैन संघटनेच्या शांतिलाल मुथ्थांनी भूकंपग्रस्त भागातली सुमारे १२०० लेकरं शिक्षणासाठी पुण्याला नेली. 'ही आमच्या भागातली नाहीत' असं तेव्हा कुणी म्हणालं असतं, तर आपण त्याला काय म्हटलं असतं? तोच शब्द आज आपल्याला लागू होतो.

दार उघडण्याची ताकद आपल्यात नाही असंही नाही. १० ते १२ जानेवारी २०२० ला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आपल्या शहरात भरलं. अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. ते ख्रिस्ती धर्मगुरू म्हणून त्यांच्या निवडीवर आक्षेप घेतले गेले. तरी संमेलन इथंच झालं, फादर आले, बोलले, आणि या शहरानं त्यांना पाहुण्यासारखं वागवलं. २०२३ पासून शहराचं आणि जिल्ह्याचं नाव सरकारदरबारी धाराशिव झालंय. नावावरून आपण खूप बोललो, भांडलो. त्या नावाच्या गावात दारात आलेल्या लेकराला कसं वागवतात, यावरही कधी बोलू या की.

काय करायचं?

काही कॉलन्यांनी एक शहाणपणाचा तोडगा काढलाय. फाटकाबाहेर टेबल टाकायचं, त्यावर चॉकलेटचं टोपलं ठेवायचं आणि वॉचमनला वाटायला सांगायचं. कुणी उपाशी नाही आणि कुणी आत नाही. माझा या तोडग्यालाच सर्वात मोठा विरोध आहे. ती येसकराची भाकरी आहे, रंगीत कागदात गुंडाळलेली. त्यात लेकराचं सोनं घ्यायला कुणी नसतं. वॉचमन पानं गोळा करून कोपऱ्यात टाकतो.

करायचं ते साधं आहे. येत्या दसऱ्याला आणि संक्रांतीला संध्याकाळी पाच ते आठ फाटक उघडं. कॉलनीतल्या दोन-तीन तरुणांनी तिथं उभं राहायचं, अडवायला नाही, रस्ता दाखवायला आणि गाड्यांकडं लक्ष ठेवायला. दुकानातून किलोभर तीळगूळ जास्तीचा आणायचा. लेकरू दारात आलं की त्याचं पान हातात घ्यायचं, आपल्या हातानं खाऊ द्यायचा. नाव विचारलं तर चालेल, गाव विचारायचं नाही. आपल्या घरातल्या लेकरांनाही त्या घोळक्यात पाठवायचं. आणि जमलं तर उलटंही करायचं. आपल्या लेकरांना सोनं देऊन नाल्यापलीकडच्या वस्तीवर न्यायचं. तिथली माणसं दारात आलेल्याला रिकाम्या हातानं परत पाठवत नाहीत, हे बघून आपलीच लेकरं चार गोष्टी शिकून येतील.

हे ग्रुपवर मांडलं तर विरोध होईल. काका म्हणतील, 'तुम्हाला काय कळतंय, जग फार खराब झालंय.' मोठ्या माणसांशी हुज्जत घालू नका, पण गप्पही बसू नका. मतदान घ्या म्हणा. तुमच्या आईला विचारा, तिनं आयुष्यभर परडी हातात धरलीय, ती तुमच्या बाजूनं बोलेल. दहा वर्षांनी त्या कॉलनीचे सेक्रेटरी, खजिनदार तुम्हीच असणार आहात. तेव्हा फाटक उघडायचं की लावायचं हे तुमच्या मोबाइलमधलं एखादं बटण ठरवील, आणि पलीकडं कोण उभं आहे हे तुम्हाला दिसणारही नाही. म्हणून सवय आत्ताच लावून घ्या.

लेकरं तर येणारच. आपट्याची पानं घेऊन, हलव्याचे चार दाणे मुठीत धरून, पुढच्या वर्षी पुन्हा येतील. ती आपल्याकडं मागायला येतात असं आपल्याला वाटतं. पण वर्षातून एकदा सोनं घेऊन दारात येणारं माणूस आपल्याला दुसरं आहे कोण?